तेलात पाणी

तेल मोजायची डिपस्टिक फडक्याने पुसून वरदने पुन्हा जीपच्या इंजिनात घातली, बाहेर काढली आणि उजेडात धरली. टोकाला तेलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"बघ," तो म्हणाला. "नवीन तेल, नवीन गॅस्केट. आणि परत हेच."

सुनील मिस्त्रीने रेडिएटरचं झाकण काढून आत बोट घातलं. पाणी काठोकाठ होतं. "इंजिनातनं पाणी तेलात जात असतं तर हितं कमी झालं असतं, वरददादा. जरापन कमी झालेलं नाय."

"मग काय आभाळातून पडलं? वर पत्रा आहे."

"तेच कळत नाय."

"तुला कळत नसेल तर दुसऱ्या कुणाला दाखवतो."

सुनीलने पाने-पकडी गोळा करून पिशवीत टाकायला सुरुवात केली.

जीप वरदच्या वडिलांची, जुनी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. वरदचं महाडच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान होतं आणि तो दुकानाच्या वरच राहायचा. दरड पडून रस्ता तुटला की डोंगरातल्या वाड्यांवर औषधं पोचवायला ही जीप तो आईवडिलांच्या घरून घेऊन जायचा. मागच्या खेपेला वरंधच्या वरून एका अडलेल्या बाईला खाली आणताना अर्ध्या उतारावर तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन बंद करावं लागलं. पुढे तिला माणसांनी डोलीतून नेलं. बाई वाचली, बाळही वाचलं. पण डोलीमागून चालताना ऐकलेलं तिचं कण्हणं वरदच्या कानातून जात नव्हतं.

"सुनीलला बोलू नकोस," घराच्या मागच्या पायरीवरून त्याची आई, कालिंदी, म्हणाली. "गाडी मी सुरू करते. रोज सकाळी."

वरदने वळून पाहिलं. "तू? तुला कुठे चालवता येते?"

"चालवत नाही. नुसती किल्ली फिरवते. चहा होईपर्यंत ठेवते, मग बंद करते."

सुनीलने पिशवी खाली ठेवली. "मग बरोबर हाय. एवढ्यात तेल तापत नाय, काकू. या दमट हवेत इंजिनात वाफ धरते, तिचंच पाणी होऊन तेलात उतरतं. गाडी लांब गेली, चांगली तापली, तर उडून जातं. नुसती उभ्या उभ्या चालू केली की साठत राहतं."

"ऐकलंस?" वरदचा आवाज चढला. "रस्त्यात बंद पडली तेव्हा माझ्या गाडीत बाई होती, आई. आम्ही इंजिन उघडलं, याला वाट्टेल ते बोललो मी, आणि तू रोज इथे… कशासाठी पण?"

"यांना आवाज लागतो."

"बाबांना? बाबांना आता गाडीचं काय?"

"उठले की शर्ट घालतात. गाडी काढा म्हणतात, जनावरं खोळंबलीत म्हणतात. मी सांगते, तुम्ही निवृत्त झालात, तुमचा जनावरांचा दवाखाना आता दुसरे डॉक्टर बघतात. ऐकून घेतात आणि परत चपला शोधायला लागतात. एकदा पार हायवेपर्यंत गेले होते. गाडीचा आवाज आला की खुर्चीत बसतात. गाडी काढतायत, चहा घ्या तोवर, असं मी म्हणते. चहा पिऊन होतो तोवर विसरलेले असतात."

"मला सांगायचं होतंस."

"तू यायचास किल्ली न्यायला. उभ्या उभ्या."

वरदने सुनीलच्या पिशवीतून एक पाना काढला. "मी बॅटरीची वायरच काढून ठेवतो."

"ठेव," कालिंदी शांतपणे म्हणाली. "आणि उद्यापासून सकाळी तू येऊन दार अडवून उभा राहा."

ती आत गेली. वरद पाना हातात घेऊन बोनेटपाशी तसाच उभा राहिला. सुनीलने न विचारता इंजिनाखालचा नट सैल केला. पांढुरकं तेल पत्र्याच्या थाळीत संथ पडत राहिलं. मग त्याने फिल्टर बदलला, नवीन तेल ओतलं, जीप शेडमधून अंगणात काढली आणि चालू ठेवून खाली उतरला. "आता हिला लांब फिरवून आणा. आजच."

"दुकान उघडायचंय मला."

"मग मी नेतो."

वरद उत्तर देणार तेवढ्यात घरातून त्याचे वडील, शरच्चंद्र, बाहेर आले. पांढरा शर्ट, बटणं एक घर चुकून लावलेली. पायऱ्या उतरून ते सरळ जीपपाशी गेले, दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे बसले. कालिंदी पाठोपाठ धावत आली, हातात त्यांचा चहाचा कप होता.

वरदने खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं. "बाबा, उतरा."

"उतरून कसं चालेल? वरंधला जायचंय. उशीर झालाय."

"तिथे कुणी वाट बघत नाहीये, बाबा."

"म्हैस अडलीये." त्यांनी वरदकडे नीट पाहिलं. त्या पाहण्यात ओळख नव्हती, राग मात्र होता. "आणि तुम्ही बाबा बाबा काय लावलंय? कोण तुम्ही?"

कालिंदीने नजर कपाकडे वळवली. सुनील हात पुसत लांब जाऊन उभा राहिला. वरदच्या ओठांवर बरंच काही आलं. मी कोण ते सांगावं, चढ्या आवाजात सांगावं, कॉलर धरून सांगावं असं त्याला वाटलं. हातातला पाना त्याने खाली ठेवला.

"डॉक्टर," तो म्हणाला, "आज मी चालवतो. तुम्ही शेजारी बसा."

शरच्चंद्रांनी थोडा विचार केला. मग कुरकुरत पलीकडच्या सीटवर सरकले. वरद आत बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

"वरंधची वाट माहीत आहे ना?"

"नाही," वरद म्हणाला. "तुम्ही सांगा."