कापायचा तुकडा

चौथा माणूस सिनेमा कापून मागायला आला, तेव्हा भीमसेनने मानही वर केली नाही.

निपाणीच्या थिएटरात तो ऑपरेटर होता आणि या सिनेमाने त्याचा जीव मेटाकुटीला आणला होता. पडद्यावरचा शेठ सभेत हार घालून घ्यायचा, गोरगरिबांना साड्या वाटायचा आणि उलट बोलणाऱ्याचा गळा आवळून शांतपणे जेवायला बसायचा. लोक भ्यायचे आणि पोट धरून हसायचेही. गावातल्या बड्या मंडळींना ते हसू झोंबत होतं. भांडण नको म्हणून मालकाने हुकूम काढला, ज्याला जे टोचेल ते त्याने लिहून, सही करून द्यावं आणि कापून घ्यावं. वकिलांनी कोर्ट नेलं, पुढाऱ्याने सभा नेली, डॉक्टरांनी दवाखाना. सिनेमा रोज आखूड होत होता.

आज तंबाखूचे व्यापारी भरमाशेठ आले होते. खाली दारात भीमसेनची आई, लक्ष्मीबाई, शेंगा विकत बसायची. तिच्या टोपलीला वळसा घालून ते जिना चढले.

सहा वर्षांपूर्वी, शहात्तर साली, तिचा थोरला धर्मराज याच भरमाशेठच्या वखारीत कामाला होता. पगारावरून बोलला आणि दुसऱ्या दिवसापासून दिसलाच नाही. पळून गेला, असं पोलिसांनी लिहिलं. म्हातारी चार महिने वखारीच्या फाटकाशी बसून होती. "जित्ता न्हाय, मला ठावं हाय. माती तरी द्यायला मिळू दे," एवढंच ती म्हणायची. शेठना तिचा चेहरा आठवत नव्हता. ऑपरेटरचं तर नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुमचं काय कापायचं, अण्णा?" भीमसेनने विचारलं.

"त्ये पुरल्यालं दाखवलंय न्हवं, त्ये."

"बघितलासा व्हय सिनेमा?"

"असली घाण मी कशाला बघू? वखारीतल्या बाया मला बघून पदर तोंडाला लावत्यात. समदं हुबेहूब दाखवलंय म्हणत्यात."

भीमसेनने कोरी चिठ्ठी पुढे ओढली. तो स्टुलावर टेकला आणि नेहमीच्याच थकल्या आवाजात म्हणाला, "रिळं चौदा हायती. नेमकं ठिकाण सांगा, न्हायतर भलतंच कापलं जाईल."

शेठ जवळ सरकले. "वखारीतलं. आतल्या वजनकाट्याखाली, फरशी काढून."

"येक माणूस का दोन?"

"येकच. पोत्यात घालून."

भीमसेनने ते चिठ्ठीवर उतरवलं. शेठनी न वाचता खाली सही ठोकली.

"उद्यापासनं दिसणार न्हाय न्हवं?"

"न्हाय, अण्णा."

शेठ निर्धास्त होऊन उतरले. जाता जाता त्यांनी लक्ष्मीबाईच्या टोपलीतून मूठभर शेंगा उचलल्या.

मागोमाग भीमसेन खाली आला आणि आईशेजारी पायरीवर बसला. खिशातल्या चिठ्ठीवर त्याने हात घट्ट धरला होता. त्याचे डोळे भरून आले होते, पण म्हातारीला आताशा नीट दिसत नसे. दारवान तिला रोज फुकट आत सोडायचा, ती अगदी पुढच्या बाकावर बसायची.

"आई, तू ह्यो सिनेमा चारदा बघितलायस. त्यातला शेठ मढी कुठं टाकतोय गं?"

"नदीत की रं," शेंगा सारख्या करत लक्ष्मीबाई म्हणाली. "समदी नदीत. अख्ख्या सिनेमात कुणाला पुरल्यालं न्हाय."