देवाची ठेव

आईने जाताना मुक्या, भोळसर धाकट्याचा हात त्याच्या थोरल्या भावाच्या, सुताराच्या हातात दिला. “देवाची ठेव आहे ही. एक दिवस हिशेब द्यावा लागेल,” म्हणाली.

सुताराने तो शब्द जिवापाड पाळला. धाकट्याला न्हाऊ घालणं, भरवणं, थोपटून निजवणं, सगळं तो स्वतः करायचा. शेजारीण मदतीला आली, की म्हणायचा, “नको वहिनी, माझी जबाबदारी आहे.” हळूहळू तिने डोकावणंही सोडलं.

एके दिवशी कामावर जाताना त्याला ट्रकने उडवलं.

डोळे उघडले, तेव्हा नर्स हसून म्हणाली, “आठवड्याने शुद्धीवर आलात काका, देवाचीच कृपा! घरी कुणाला कळवू?”

“कुलूप तोडायला सांगा, सिस्टर,” तो कसाबसा म्हणाला. “धाकटा आत आहे.”