देवाजीच्या फोटोवरचा हार

मायानं फोटोवरचा हार असा हिसकला की दोराच तुटला. झेंडूची फुलं स्टेजभर घरंगळली. समोरची मेणबत्ती तिनं एका फुंकरीत विझवली आणि माइकबिइकची वाट न पाहता ओरडली,

"कोणं घातला हा हार? माझा बाप जित्ता हाये! डोये फुटले काय तुमचे? थो पाहा, पहिल्या लाइनीत बसून हाये!"

अख्ख्या हॉलनं माना वळवल्या. देवाजी खरंच पहिल्या रांगेत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, छातीवर मेडल, हातात काठी. खापरखेड्याच्या कॉलनीत विजय दिवसाचा कार्यक्रम, प्रमुख पाहुणे देवाजी, आणि हार देवाजीच्याच फोटोला! आता बोला. फोटोला हार चढतो तो माणूस गेल्यावर, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण समितीनं शहिदांच्या फोटोंच्या रांगेत हाही फोटो मांडला आणि सरसकट सगळ्यांना हार घालून मोकळी झाली.

समितीचे मनोहरराव घाम पुसत धावत आले.

"झाली गा चूक, मायाताई. रांगेत होता म्हणून घातला पोरायनं. त्याच्यासाठी एवढा तमाशा काहून करून राहिल्या?"

"तमाशा? तुमच्या फोटोले घालू का एक, मनोहरभाऊ? अन् मंग बसा समोर पाहत!"

मनोहरराव दोन पावलं मागे सरले. मायाच्या तोंडी लागणं म्हणजे आ बैल मुझे मार, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. आणि या फोटोसाठी तर ती प्रत्यक्ष यमाशी भांडली असती. एकाहत्तरच्या लढाईत देवाजी कमांडो होते. तेव्हाच्या फोटोंचा एक गठ्ठा त्यांनी घरी आणला होता. अर्धे वाळवीनं खाल्ले. उरलेले मायानं लग्नानंतर स्वतःसोबत सासरी नेले. नवरा म्हणाला, हे कबाड कशाला? तिनं सुनावलं, आधी अंगणातली तुमची मोडकी स्कूटर काढा, मग माझ्या बाबांच्या फोटोंना नावं ठेवा. स्कूटर अजून तिथेच आहे आणि फोटोही.

त्यातला हा तिचा सगळ्यात लाडका. हल्ल्याला निघण्याआधी काढलेला. एकटाच जवान, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, तोंडाला काजळी फासलेली. दिसतात ते फक्त डोळे आणि दात, कारण पठ्ठ्या हसतो आहे. शाळेत असताना माया तो दप्तरातून न्यायची आणि पोरींना दाखवायची, हे पाहा माझे बाबा. देवाजी लढाईबद्दल चकार शब्द काढत नसत. लेकीकडे आले की या एका फोटोची काच मात्र स्वतः पुसत, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. समितीनं प्रदर्शनासाठी फोटो मागितला तेव्हा माया का-कू करत होती. देवाजीच म्हणाले, "ने. तोच ने."

आता ते काठी टेकत टेकत स्टेजवर चढले. मायाला वाटलं, बाबा आपला हात धरतील आणि म्हणतील, चाल घरी. तिची तयारीच होती. पण देवाजी वाकले. तुटलेला हार त्यांनी उचलला, दोऱ्याला गाठ मारली आणि तो पुन्हा फोटोला घातला.

"बाबा! हे काय करून राहिले तुम्ही? सोताच्याच फोटोले हार?"

"थो मी नोहोय, माया."

देवाजींनी फोटोकडे बोट केलं.

"गिरिधर हाये थो. उमरेडचा. माय-बाप लहानपणीच गेले, लगन झालं नाही. आम्ही दोघं एका ताटात जेवलो. हा फोटो निघाला अन् त्याच राती थो गेला. माझ्या बाजूलेच गेला."

मायाला आधी राग आला. आयुष्यभर मिरवलेला बाप कोणीतरी हातातून काढून घ्यावा, तसं झालं. मग आपण त्या माणसाचा हार तोडला, हे आठवलं आणि तिला रडू कोसळलं.

"मंग मले सांगतलं काहून नाही? साऱ्या दुनियेले मी..."

"तू इतकुशी होती. पयल्यांदा फोटो पाहिला, त्याच्यावर बोट ठेवलं अन् म्हटलं, 'बाबा'. मी नाही म्हणणार होतो, पण तोंडातून शब्दच निघाला नाही." देवाजींनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "म्हटलं, होऊ दे. त्याले बी कोणी तरी बाबा म्हणू दे."

मागे कोणीतरी नाक ओढलं. मनोहररावांचा मात्र जीव भांड्यात पडला होता. बरं झालं, चूक समितीची नव्हतीच.

"म्हणजे हा आपल्या कॉलनीतला नाहीच!" ते म्हणाले. "इथं तं आपल्याच मान्सायचे फोटो लावाचे ठरले होते. काढा रे थो, देवाजीचा दुसरा लावू."

त्यांनी फ्रेमकडे हात नेला. माया डोळे न पुसताच मध्ये आडवी आली आणि पदर खोचून म्हणाली,

"हात लावून तं पाहा! याची पोरगी उभी हाये इथं."