तुळशीतले पांढरे ठिपके

"तुमच्या तुळशीची माती कधी वाळतच नाही. जरा बघ गो बाय," असं समोरच्या ज्युलिया आंटीने सांगितलं, तेव्हा ऋतिका हसली होती. "सासूबाईंची तुळस आहे ती, आंटी. मी बोट लावलं तर घरात भूकंप होईल."

आता ती त्याच कुंडीपुढे उकिडवी बसली होती. हातात पांढरी बशी, बशीत चमचाभर माती, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर अडकवलेलं भिंग. मातीत पांढरे ठिपके होते, खसखशीहून बारीक. काडीने डिवचलं की टुणकन उडायचे. आणि कुंडीशेजारीच, खिडकीची ग्रिल धरून, तिची लेक प्रांजल उभं राहायला शिकत होती. हाताला लागेल ते तोंडात घालायचं तिचं वय.

ऋतिका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली. बेडूक आणि झुरळ तिला आतून-बाहेरून पाठ. हे ठिपके मात्र ओळखता येईनात. सासूबाईंनी, म्हणजे मालनबाईंनी, आरेच्या तबेल्यातून पिशवी भरून शेणखत आणलं होतं, तिचा संशय त्याच्यावर होता.

"फेकून दे ना यार ती माती," निलेश म्हणाला.

"तुझ्या आईला तू सांग."

"मी? वेडी झालीस का?"

शेवटी तिने बागप्रेमींच्या ग्रुपवर फोटो टाकला. बोरिवलीच्या मृणालिनीताई या बाबतीत शेवटचा शब्द. त्यांचं उत्तर आलं : "स्प्रिंगटेल. चावत नाहीत, झाडालाही खात नाहीत. सडका पालापाचोळा खातात. बाळाला धोका नाही. पण माती सतत ओली असल्याशिवाय ते एवढे वाढत नाहीत. पाणी किती घालता?"

ऋतिकाचा जीव भांड्यात पडला. तिने मालनबाईंना विचारलं.

"एकदाच घालतंय. आंघोळ झाली की एक तांब्यो. वर्षानुवर्षां तसाच."

"आई, एका तांब्यात एवढा चिखल होत नाही."

"मगे काय मी खोटा बोलतंय?"

पुढचा आठवडा माती ओलीच राहिली. ठिपके वाढले. कुंडीखालच्या ताटलीतून पाणी ओघळून लादीवर यायचं आणि प्रांजल त्यात तळवे आपटायची. ऋतिका बेडरूमचं दार लावून ऑफिसचे कॉल घेत असायची, प्रांजल तिच्याजवळच झोपलेली. बाहेर आली की लादी ओली. मालनबाई शपथा घ्यायच्या. वादाला तोंड फुटलं ते फुटलंच.

सोमवारपासून ऋतिकाला ऑफिसात जायचं होतं. पोर दिवसभर आजीजवळ राहणार, हे कधीच ठरलं होतं. पण तुळशीच्या पाण्यासारख्या फुटकळ गोष्टीत तोंडावर खोटं बोलणारं माणूस पोरीच्या बाबतीत खरं बोलेल? वाकोल्यातल्या एका पाळणाघराचा नंबर तिने मिळवला. निलेशला अजून सांगितलं नव्हतं.

रविवारी निलेश प्रांजलला घेऊन खाली गेला. ऋतिका हॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालत बसली. मुद्दाम.

मालनबाईंनी तांब्या भरून आणला. तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या. सूप मांडीवर घेतलं. चार खडे काढले. मग खिडकीकडे बघितलं, सूप बाजूला ठेवलं आणि त्या उठल्या. तांब्या भरून आणला. तुळशीला पाणी घातलं, हात जोडले. चेहऱ्यावर चोरी नव्हती. सकाळची आंघोळ करून पहिल्यांदा देवापुढे उभ्या राहणाऱ्या बाईचा तो चेहरा होता.

"आई, आत्ताच घातलंत ना पाणी?"

"आत्ता? ह्या आजचा पयलाच." मालनबाई दुखावल्या. "तुळशीक पाणी घातल्याबिगर माझ्या तोंडात च्यायचो घोट तरी जाता काय गो?"

ऋतिकाच्या हातातली घडी सुटली.

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर चहाचा कप होता, वर साय धरलेली. शेजारी सकाळच्या उपम्याचं झाकलेलं ताट. नाश्त्याला, जेवायला हाक मारली की मालनबाई "मी मागाहून खातंय" म्हणायच्या. ऋतिका ताट झाकून कॉलला बसायची. संध्याकाळी मालनबाई स्वतःच ते ताट जिन्यातल्या मांजरापुढे ओतायच्या आणि ऋतिकाला वाटायचं, उरलंसुरलं घालतायत. भिंगातून तिने मातीचा कण न् कण पाहिला होता. सासूच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्यात, हे तिला आत्ता दिसलं.

बाहेर मालनबाई पुन्हा तांब्या घेऊन उभ्या होत्या. ऋतिकाने त्यांच्या हातातून तो हळूच काढून घेतला.

"पाणी घातलंय तुळशीला, आई. मी बघितलं."

मालनबाईंनी मातीत बोट खुपसलं. ते चिखलाने भरून वर आलं. बोटाकडे त्या बघत राहिल्या.

"मीच घातलंय?" त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

"हो. चला, आधी खाऊन घ्या."

त्यांनी उपमा गरम करू दिला नाही. थंडच खाल्ला, भराभर, मान वर न करता. ताट पुसून घ्यावं तसं चाटलं आणि "आणखी आसा?" असं विचारलं.

दुपारी ऋतिकाने ऑफिसला रजा कळवली, सोमवारसाठी डॉक्टरांची वेळ घेतली आणि मग बागप्रेमींच्या ग्रुपवर लिहिलं :

"मृणालिनीताई, किडे तुम्ही अचूक ओळखलेत. बाकीच्यांना एक विनंती. घरातलं कोणी वडीलधारं 'मी मागाहून खाते' म्हणत असेल, तर आज त्यांच्या ताटावरचं झाकण उघडून बघा."