डाव्या बाजूची किक

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे, पण लाजेची आहे, आणि लाजेची गोष्ट मोठ्या आवाजात सांगता येत नाही.

अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. अख्खं ओमाहा शहर आपल्या संघाच्या डेल ह्रुस्काच्या नावाने ओरडत होतं आणि डेल मैदानाच्या कडेला बुटांकडे बघत उभा होता. त्याने मारलेली किक बुटकी, हेलकावे खात गेली होती. पलीकडे समोरच्या टोलेडो संघाचा ओटिस गॅडी ती झेलायला उभा होता. लंबगोल चेंडूने त्याच्या डाव्या हातापुढे टप्पा घेतला, छातीवर आदळला, निसटला. ओमाहाच्या गड्यांनी त्यावर उड्या घेतल्या आणि पुढच्याच खेळीत गुण मिळवले. ओमाहा आघाडीवर. सामना संपायला थोडाच वेळ राहिला होता.

"म्हाताऱ्या, काय नेमकी जागा सांगितलीस," कोच पर्डीने त्याच्या पाठीवर थाप मारली. "मंगळवारी तो नवा किकर येणार होता ना चाचणीला? त्याला कळवतो, घरीच बस म्हणावं."

गॅलरीतून कुणीतरी ओटिसला विचारत होतं, "गॅडी, टोपली आणून देऊ का रे?" लोक हसत होते. डेलला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

डेलच्या पायात देवाने बळ घातलं होतं. बारा वर्षं त्याची किक सगळ्यांच्या डोक्यावरून जाऊन मैदानाबाहेर पडायची. कुणी धावायचं नाही, कुणाला लागायचं नाही, लोक नुसते बघत राहायचे. मग नियम बदलला. आता तशी लांब किक मारली की समोरच्याला फुकटात पस्तीस यार्ड पुढून सुरुवात मिळते. म्हणून चेंडू त्यांच्या गोलरेषेच्या अलीकडच्या पट्ट्यात टाकायचा, तोही असा, की कुठे उसळेल ते झेलणाऱ्याला कळू नये. विशीतली मुलं ही कला महिन्याभरात शिकली. डेलचा पाय काही केल्या ती शिकेना. दर आठवड्याला कोचचं तोंड आंबट होत गेलं.

आणि शुक्रवारी कोचने विचारलं, "तू गॅडीबरोबर सहा वर्षं खेळलास. त्याचं काही कच्चं आहे का?"

होतं. ओटिस ओमाहात असताना दोघं रविवारी सामन्याआधीच्या प्रार्थनेला शेजारी बसायचे. ओटिसने भजनाला सूर लावला की डेलला वाटायचं, आपण देवाच्या अंगणातच बसलोय. अशाच एका रविवारी ओटिस कानाशी म्हणाला होता, "डाव्या डोळ्याला मार बसल्यापासून खालून आलेला चेंडू मला दोन दिसतो. उंच आला तर काही नाही. फक्त तुला सांगतोय, भावा."

तेव्हा सगळे उंचच मारायचे. त्या गोष्टीने कुणाचंच काही बिघडत नव्हतं. शुक्रवारी डेलला मंगळवारी चाचणीला येणारा तो नवा किकर आठवला, आणि त्याने ती सांगून टाकली.

"पुन्हा तिथेच," आता कोच म्हणाला. "खाली आणि डावीकडे."

गुण मिळवलेल्या संघानेच पुन्हा किक मारायची, असा या खेळाचा नियम. डेलने चेंडू टेकूवर उभा केला. मागे गेला. पलीकडे ओटिस गुडघ्यांवर हात टेकून वाट बघत होता. डेल धावत आला आणि त्याने जुन्या दिवसांसारखी, जीव खाऊन लाथ घातली. चेंडू ओटिसच्या कितीतरी वरून गेला आणि थेट प्रेक्षकांत पडला.

पस्तीस यार्ड फुकट. टोलेडो तिथून चालत आलं आणि सामना घेऊन गेलं.

"हे काय होतं?" कोचने विचारलं.

"जुनी सवय."

"मग मंगळवारी सवयीसाठी दुसरं दार शोध."

सामना संपला की दोन्हीकडच्या ज्यांना वाटेल ते मैदानाच्या मध्यभागी हातात हात धरून गुडघ्यांवर बसतात. डेल दरवेळी बसायचा. आज तो खेळाडूंच्या खोलीकडे जाणाऱ्या बोगद्याकडे वळला. ओटिसने मागून येऊन त्याचा हात धरला आणि त्याला रिंगणाकडे ओढत नेलं.

"मी नाही बसत," डेल म्हणाला. "तुझ्या डोळ्याचं मी सांगितलं, ओटिस. चेंडू तुझ्या हातून सुटला, ती किक त्यासाठीच होती."

ओटिसची पकड सैल झाली. बाजूला माना वाकल्या होत्या, कुणीतरी हळू आवाजात देवाचे आभार मानत होतं. 

"वाईट केलंस," ओटिस म्हणाला. "पण डोळ्याचं ऑपरेशन जूनमध्येच झालं. तुला कळवायचं राहिलं. आता एकच चेंडू दिसतो मला. मघाचा तो सुद्धा लख्ख दिसला होता."

"मग सुटला कसा?"

"किक मारायच्या आधी तू माझ्याकडे बघून हनुवटी उचलतोस. मी टोलेडोला गेलो तरी ते तू सोडलं नाहीस. आज मान वरच काढेनास. म्हटलं, याच्या घरी काहीतरी झालंय, कुणीतरी गेलंय. चेंडू आला तेव्हा मी देवाजवळ तुझ्यासाठी मागत होतो."

तर मंडळी, देवापुढे बसाल तेव्हा डेल ह्रुस्कासाठीही मागा. ओटिससाठी मागायला डेल आहे.