पडद्यावरची अक्षरं

वाक्य पडद्यावर उमटायला चार सेकंद लागले. ज्योत्स्नाने मनात मोजले. काल अडीच लागत होते. तिने मोबाइल खिडकीच्या गजांजवळ सरकवला, सिग्नलच्या दांड्या पाहिल्या आणि माइकमध्ये पुन्हा म्हणाली, "तोडलेले फळसुद्धा श्वसन करत असते." या वेळी तीन.

पहिल्या बाकावरच्या भूमिकाने वाक्य वाचले आणि मान डोलावली.

भूमिका आठवीत होती. सहाव्या वर्षी मेंदूज्वराने तिचे दोन्ही कान गेले होते. आज अकरा वाजता तिचे वडील, योगराजभाऊ, वर्गात येणार होते. धुळ्याच्या एका कर्णबधिर निवासी शाळेचा अर्ज त्यांनी भरून खिशात ठेवला होता. इथे पोरीला खरेच काही समजते का, हे डोळ्यांनी पाहायचे आणि आजच काय ते ठरवायचे, असे त्यांनी कळवले होते. ज्योत्स्ना स्वतः धुळ्याची, देवपूरची. तिथून या रावेरकडच्या गावात येताना एसटीत पाच तास मोडतात, हे तिला पाठ होते. तेरा वर्षांच्या मुलीने घरापासून इतके लांब का जावे? पावणेअकरा झाले होते. ती सकाळपासून एकदाही खुर्चीत टेकली नव्हती.

गेल्या वर्षी ती इथे रुजू झाली, तेव्हा भूमिका बाकावर तिरपी बसायची. फळ्याकडे पाठ, पोरांकडे तोंड. ज्योत्स्ना काय शिकवते याकडे तिचे लक्षच नसायचे. विज्ञानात वीसपैकी पाच, कधी सहा. मग जूनमध्ये शाळेला मोठा पडदा मिळाला, आणि ज्योत्स्नाने बोललेले शब्द लिहून दाखवणारे अॅप शोधून काढले. तिचे बोलणे त्यात जवळजवळ बिनचूक उमटायचे. तिने भूमिकाचा बाक स्वतः उचलून पडद्यासमोर सरळ लावला.

अडचण पोरांची होती. ती बोलायला लागली की पडदा एक तर कोरा राहायचा, नाही तर भलतेच काही लिहायचा. पहिल्याच आठवड्यात अभिमन उभा राहून म्हणाला होता, "मॅडम, मशीनले आपली बोली समजत नई, तं मशीनलेच पहिलीत बसवा ना." सगळा वर्ग हसला. अभिमनच्या तोंडाकडे पाहत भूमिकाही हसली. पडदा तर अजून कोराच होता.

त्याच दिवशी ज्योत्स्नाने नियम घातला. माइक हातात आल्याशिवाय कोणी बोलायचे नाही. बोलताना तो ओठांशी धरायचा. आणि पुस्तकातल्यासारखे, शुद्ध बोलायचे. पोरांनी नियम पाळला. इतका, की माइक पुढे आला की ती "हो मॅडम" म्हणायची आणि शेजाऱ्याकडे सरकवायची. कोणी मध्येच बोलत नव्हते, की मागून शेरा मारत नव्हते. मधल्या सुट्टीत भूमिकाला काही सांगायचे झाले, तर पोरे ज्योत्स्नाचा मोबाइल मागायला यायची. गुण मात्र चढले. सहा, अकरा, चौदा, सतरा. ज्योत्स्नाने त्यांचा आलेख काढून कपाटाच्या दारावर आतून चिकटवला होता.

योगराजभाऊ दारातच उभे राहिले. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते.

"बसा ना, भाऊ."

"नाय मॅडम, उभाच बरा. तिकडे ट्रक भरनं चालू हाये."

ज्योत्स्नाने माइक तोंडाजवळ नेला. "केळी पिकवण्याच्या खोलीत कोणता वायू सोडतात?"

ज्यांची घरेच केळीवर चालतात, त्या पोरांना हे पहिलीपासून ठाऊक होते. एकही तोंड उघडले नाही. प्रश्न पडद्यावर आला. भूमिकाने पडद्याला जोडलेल्या टॅबवर बोट फिरवले आणि पडद्यावर प्रश्नाखाली अक्षरे उमटली, इथिलीन. ज्योत्स्नाने आणखी तीन प्रश्न विचारले. शेवटचा तर नववीच्या पुस्तकातला होता. भूमिका एकदाही चुकली नाही.

योगराजभाऊंनी प्रत्येक उत्तर ओठ हलवत वाचले. मग त्यांनी खिशातला घडी घातलेला अर्ज बाहेर काढला, क्षणभर हातात धरला.

"मॅडम, लई केलं तुमी पोरीसाठी. आता याचं काय काम?"

ज्योत्स्नाला सकाळपासून पहिल्यांदा पायांखाली जमीन असल्यासारखे वाटले.

ते पोरीसमोर वाकले. "भूमे, इथीच राह्यशीन ना?"

माइक ज्योत्स्नाच्या हातात होता, त्यामुळे पडद्यावर काहीच आले नाही. भूमिकाने तिकडे पाहिलेही नाही. बापाच्या ओठांकडे पाहत तिने मान हलवली. नाही. मग तिच्या त्या सपाट, जाडसर आवाजात म्हणाली, "धुयाले जाईन, त्या शाळेत."

वर्गात चुळबुळ झाली. योगराजभाऊ काही न कळून मॅडमकडे पाहू लागले. ज्योत्स्नाचा चेहरा तापला. पाच महिने, सतरा गुण, हा सगळा पडदा. तिने माइक उचलला आणि एवढेच विचारले, "का?"

भूमिकाने टॅब जवळ ओढला. एक शब्द लिहिला, पुसला. अभिमनकडे पाहिले, मागच्या बाकांकडे पाहिले. मग ती न थांबता लिहीत गेली, आणि सगळा वर्ग पडद्यावर वाचत राहिला:

"आधी मला वर्गातल्या सगळ्यांचं समजायचं, फक्त मॅडमचं समजायचं नाही. आता फक्त मॅडमचं समजतं."