दसऱ्याचा यजमान

"पूजा थांबू दे जरा. दोन मिनिटं केबिनमध्ये ये," असं दारातूनच म्हणत देवव्रतने सुबोधला पाटावरून उठवलं. पाटावर बसलेल्या माणसाला असं उठवत नाहीत, पण मालकाला हे सांगणार कोण? भटजींनी घड्याळाकडे पाहिलं. शेजारच्या पाटावर नऊवारी नेसून बसलेल्या रुचिराने नवऱ्याला डोळ्यांनीच सांगितलं, जा, आलंच बघ बोलावणं.

दरवर्षी दसऱ्याला मरोळच्या या बॅटऱ्यांच्या कारखान्यात यंत्रांची पूजा देवव्रत आणि त्याची बायको जोडीने करायची. यंदा त्याने जुन्या मित्राला, सुबोधला सांगितलं होतं, "तू बस. वहिनींनाही आण." एवढ्यावरून नवरा-बायकोने सगळा अर्थ लावून टाकला. डिझाइन विभागाला प्रमुख नव्हता आणि सगळं काम सुबोधच ओढत होता. यजमानाचा पाट दिला म्हणजे खुर्चीही दिलीच. रुचिराने मुलुंडहून निघतानाच पेढ्यांचा मोठा बॉक्स घेतला होता.

केबिनमध्ये देवव्रतने एक कागद पुढे सरकवला.

"मार्टिन केलर फायनल झाला. जर्मनीहून येतोय, डिझाइनचा हेड म्हणून. त्याच्या व्हिसासाठी हे पत्र आजच पाठवायचंय. खाली सही कर."

सुबोधने वाचलं. अशा कौशल्याची व्यक्ती आम्हाला भारतात शोधूनही मिळाली नाही, असं त्यात लिहिलं होतं.

"हे काय आहे, देवा?"

"फॉर्मॅलिटी रे. असं लिहिल्याशिवाय व्हिसा देत नाहीत. इथला माणूस मिळत असताना बाहेरचा कशाला, म्हणतात."

"बरोबरच म्हणतात ना!"

"यार, तू तरी असं बोलू नकोस. कंपनी वर्षभरात तिप्पट होणार आहे. पैसे लावणाऱ्यांना गोरा चेहरा हवाय, मी काय करू?"

"मग तू कर सही."

"विभाग तू सांभाळतोस. तुझी सही असली की कोणी प्रश्न विचारत नाही." देवव्रतने पेन त्याच्यापुढे सरकवलं. "आणि टेन्शन घेऊ नकोस, तुझी गरज आहेच. तो आला की त्याला आपली बॅटरी समजवायची तूच. दुसऱ्या कोणाला जमणार?"

सुबोधला हसू आलं.

"आणि मला पूजेला का बसवलंस?"

"अरे, आम्हाला सुतक आहे! नाशिकचे काका गेले ना. म्हणून तर तुला म्हटलं."

काचेतून बाहेरचं दिसत होतं. रुचिरा नथ सारखी करत टेस्टिंगमधल्या अनुपमाशी बोलत होती आणि बोलताना तिचा एक हात पेढ्यांच्या बॉक्सवर होता. आता बाहेर जाऊन, सगळ्यांसमोर, भर सणाच्या दिवशी तिला 'ऊठ, घरी चल' म्हणायचं? सुबोधला ते जमेना. भांडायचंच तर उद्या भांडू, असं त्याने स्वतःला बजावलं. उद्या आपण भांडणार नाही, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने सही केली, आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

"झकास!" देवव्रत म्हणाला. "जा आता, मुहूर्त टळतोय."

तो पाटावर येऊन बसला.

"सांगितलं का रे?" रुचिराने हळूच विचारलं.

"सांगितलं."

तिचा चेहरा फुलला. तिने बॉक्स आणखी जवळ ओढला. सुबोधला तिच्याकडे बघवेना.

भटजींनी संकल्पासाठी त्याच्या तळहातावर अक्षता ठेवल्या आणि रुचिराला त्याच्या हाताला हात लावायला सांगितलं. भोवती कामगार हात जोडून उभे राहिले. देवव्रत सुतकामुळे लांब, दाराशी थांबला होता.

"यजमानांनी आपलं नाव घ्यावं."

सुबोधने दाराकडे, देवव्रतकडे पाहिलं. भटजींनी पुन्हा सांगितलं.

"मार्टिन," तो म्हणाला.

"काय?"

"मार्टिन केलर. आजपासून विभागाचे प्रमुख तेच. या कामाचा माणूस आपल्या देशात नाही म्हणे. आत्ताच तसं लिहून देऊन आलो."

कोणीतरी हसायला गेलं आणि मध्येच थांबलं. देवव्रत एक पाऊल पुढे आला, पण सुतकात पूजेजवळ येता येईना. "सुबोध, तमाशा नको," तो तिथूनच दबक्या आवाजात म्हणाला. रुचिराने आधी केबिनकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिला सगळं कळलं. तिने त्याच्या हातावरचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताने तिने पेढ्यांचा बॉक्स पाटामागे सरकवला.

भटजींना अजून दोन कारखाने उरकायचे होते.

"गोत्र?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं माहीत नाही."

"माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं," भटजी म्हणाले, आणि त्यांनी सुबोधच्या तळहातावर पळीभर पाणी घातलं.